परवाना देताना तिला विचारलं होतं का?

(गेवराई तालुक्यातील महिला गट व कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. प्रसंगातल्या बाईची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.)

सकाळपासून आपण दारूबंदीवर बोललो, रेशनवर बोललो, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या ओळखपत्रावर बोललो. आता माझा विषय आहे बंदूक. विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या बाजूला काही जणी हसल्या. एक आजी म्हणाल्या, "बंदुकीचं आपल्याला काय गं? ते मोठ्या लोकांचं."

मग मी तुम्हाला एक प्रश्न विचारला. लग्नाच्या वरातीत, वाढदिवसाला किंवा निवडणुकीच्या गुलालात हवेत गोळी उडालेली कुणी कुणी पाहिली आहे? हात वर आले आणि हसणं थांबलं. पुढचा प्रश्न मुद्दामच विचारला नाही. आपल्या स्वतःच्या घरात, सासरी, माहेरी, दिराकडे, मालकाकडे असं हत्यार आहे का? या प्रश्नाला चारचौघीत हात वर होत नाही, हे मला माहीत आहे. आज मी बोलणार आहे ते त्या वर न होणाऱ्या हाताबद्दल.

आपल्या जिल्ह्याचं नाव गेल्या काही काळात बंदुकीशी जोडलं गेलं. जून २०२४ मध्ये परळीत मरळवाडीचे सरपंच बापू आंधळे यांचा गोळ्या झाडून खून झाला. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांना मारून टाकण्यात आलं. देशमुखांचा जीव गोळीने गेला नाही, अमानुष मारहाणीने गेला. पण त्या खुनानंतर लोक विचारू लागले की या जिल्ह्यात इतकी दहशत येते कुठून? हवेत गोळ्या झाडणाऱ्यांच्या, कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरल्या. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी त्याच महिन्यात बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा आकडा जाहीरपणे मांडला. तो होता १२२२. शेजारच्या परभणीचा त्यांनी दिलेला आकडा होता ३२.

त्यानंतर वर्तमानपत्रांत, टीव्हीवर, चहाच्या टपरीवर वाद सुरू झाला. एक बाजू म्हणाली, सगळे परवाने रद्द करा. दुसरी बाजू म्हणाली, गुंड कधी परवाना काढतो का? त्याच्याकडे गावठी कट्टा असतो. परवाना रद्द केला तर सरळमार्गी माणूसच निःशस्त्र होईल. ही सगळी चर्चा मी ऐकत होते. तिच्यात पुढारी होते, ठेकेदार होते, वाळूवाले होते, पोलीस होते. पण ज्या घरात ती बंदूक रात्री ठेवली जाते, त्या घरातली बाई कुठेच नव्हती.

मला एका बाईबद्दल सांगायचं आहे. आणि त्यातली माझी चूकही सांगायची आहे.

२०२३ च्या दिवाळीच्या आधी ती आमच्या समुपदेशन केंद्रात आली. तिशीतली, दोन लेकरं. नवरा ठेकेदारी करायचा, चार माणसांत वजन असलेला. तक्रार नेहमीचीच: मारहाण, संशय, माहेरी जाऊ न देणं. मी फॉर्म भरला. लग्न कधी झालं, हुंडा किती दिला, मारहाण कशाने करतो, दारू पितो का, सासू-सासरे कसे वागतात, असे सगळे रकाने भरले. नवऱ्याला बोलावलं. तो आला, नमस्कार करून बसला, चूक झाली म्हणाला. दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत समझोता लिहिला, दोघांच्या सह्या घेतल्या आणि ती नांदायला गेली. महिन्याच्या अहवालात आम्ही ती केस 'यशस्वी समझोता' या रकान्यात टाकली. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, दहा-बारा वर्षं हे काम करणारी बाई. त्या दिवशी मला बरंच वाटलं होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ती परत आली. सोबत धाकटं लेकरू होतं. म्हणाली, "काल रात्री पत्र्याला भोक पडलं." मला कळेना. पाऊस नाही, वारा नाही, पत्र्याला भोक कसं पडलं? तेव्हा तिने सांगितलं. नवऱ्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे. लग्नाआधीपासूनच आहे. कधी तिच्यावर रोखलं नाही. पण मालक जेवायला बसले की कमरेचं काढून ताटाशेजारी ठेवायचे. भाजीत मीठ कमी पडलं की काही बोलायचे नाहीत, नुसता त्याच्यावर हात ठेवायचे. रात्री ते उशाशी असायचं. ती कड बदलतानासुद्धा जपून बदलायची. आणि आदल्या रात्री भांडणात त्याने ते छताकडे धरून उडवलं. लेकरं खाली झोपलेली होती.

मी तिला विचारलं, "अगं, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुमी इचारलंच नाई की ताई."

तिचं बरोबर होतं. मी विचारलं नव्हतं. आमच्या फॉर्मवर तसा रकानाच नव्हता. 'मारहाण कशाने करतो' यापुढे लाथ, बुक्की, काठी, पट्टा असं लिहिलेलं होतं. ज्याने कधी मारलं नाही पण ज्याच्या धाकाने बाकीचं सगळं निमूटपणे सहन झालं, ती वस्तू आमच्या कागदावर कुठेच नव्हती. समझोत्याच्या बैठकीत ती गप्प बसली होती, मान हलवत होती. मी त्याला संमती समजले.

आम्ही तिला घेऊन एका पोलीस ठाण्यात गेलो. तिथे सांगण्यात आलं की हत्यार परवान्याचं आहे, कायदेशीर आहे. नवऱ्याने सांगितलं की साफ करताना गोळी उडाली. अदखलपात्र नोंद झाली आणि ती घरी गेली. जायला दुसरी जागा नव्हती.

पुढच्याच महिन्यात एक गोष्ट घडली, ती तिच्यासाठी घडलीच नव्हती. लोकसभेची निवडणूक लागली. १६ मार्चला आचारसंहिता सुरू झाली आणि परवानाधारकांना शस्त्रं जमा करायला सांगण्यात आलं. तिच्या नवऱ्याचं रिव्हॉल्व्हरही पोलीस ठाण्यात जमा झालं. ते थेट जूनमध्ये, निकाल लागल्यावर परत आलं. मधल्या काळात ती एकदा बाजाराच्या दिवशी केंद्रात डोकावली. चेहरा वेगळाच दिसत होता. मारहाण पूर्ण थांबली होती असं नाही. पण म्हणाली, "ताई, आता झोप लागते. एकदा तर म्या उलट बोलले. इलेक्शन बारा महिने पायजे बगा."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी विसरू शकत नाही. निवडणुकीत शस्त्रं का जमा करतात? बंदूक न उडवताही माणसाचं मत बदलू शकते, हे सरकारला मान्य आहे म्हणून. म्हणजे नुसती कमरेला असलेली बंदूकही दहशत असते, हे तत्त्व सरकारने स्वीकारलेलं आहे. मग मतदाराच्या मताला जे संरक्षण मिळतं, ते घरातल्या बाईच्या मताला का नको? तिला तर रोजच मत द्यायचं असतं. पोरीला शिकवायचं की नाही, माहेरी जायचं की नाही, नको असताना नवऱ्याला नाही म्हणायचं की नाही.

आता मूळ वादाकडे येते. शस्त्र बाळगणं हा माणसाचा हक्क आहे का?

हा प्रश्न आपल्या देशात नवा नाही. इंग्रजांनी १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा करून हिंदी माणसाला निःशस्त्र केलं. स्वातंत्र्य चळवळीला त्याची चीड होती. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी हा हक्क राज्यघटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर सराईत गुन्हेगारही तो मागेल, ही त्यांची हरकत होती. दुरुस्ती फेटाळली गेली. म्हणून आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, सरकारने अटींवर दिलेली परवानगी आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम हेच सांगतो, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रश्नावर सुनावणी करताना सर्वोच्च न्यायालयानेही अमेरिकेसारखा मूलभूत हक्क आपल्याकडे नाही याची आठवण दिली.

या मुद्द्याचा आपल्याला उपयोग आहे. हक्क असता तर आपल्याला न्यायालयात झगडावं लागलं असतं. परवानगी आहे, म्हणजे देणाऱ्याला विचारता येतं की ती कुणाला दिलीस, काय पाहून दिलीस, आणि कुणाला न विचारता दिलीस?

दुसऱ्या बाजूचंही म्हणणं नीट ऐकलं पाहिजे. आपल्यातल्या कितीतरी जणी वस्तीवर राहतात. गाव लांब, रात्री लाईट नाही, चोरट्यांची भीती खरी आहे. रानडुकरं आणि हरणं उभं पीक लोळवतात, ते नुकसानही खरं आहे. कायद्यात पीकरक्षणासाठी साध्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. शेतावरच्या कुटुंबाने ठासणीची बंदूक मागितली तर मी त्याला गुंड म्हणणार नाही. पण कमरेला लावायचं पिस्तूल घेऊन कुणी रानडुकरं हाकलत नाही. ते माणसांना दाखवायला असतं. आणि जिवाला धोका आहे म्हणून परवाना हवा असेल, तर या जिल्ह्यात सगळ्यात जास्त धोका कुणाला आहे? गावाच्या विरोधात साक्ष दिलेल्या दलित कुटुंबाला, जमिनीसाठी दिराशी भांडणाऱ्या विधवेला, ऊसतोडीच्या फडात मुकादमाच्या नजरेखाली राहणाऱ्या पोरीला. यांच्यापैकी कुणाकडे परवाना आहे? धोका एकाला आणि परवाना दुसऱ्याला, असा हा हिशेब आहे.

बेकायदा कट्ट्यांचा मुद्दाही खरा आहे. मध्य प्रदेशातल्या उमर्टीसारख्या गावांतून गावठी पिस्तुलं महाराष्ट्रात येतात, ती पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. ती पकडलीच पाहिजेत. पण कट्टा लपवावा लागतो. परवान्याचं पिस्तूल ताटाशेजारी ठेवता येतं. कट्टेवाल्याला पोलिसांची भीती असते, परवानेवाला पोलिसांसमोरच सांगतो की माझं कायदेशीर आहे. घरातल्या बाईला कोणतं जास्त जड जात असेल, याचा विचार करा.

मघाशी एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, "ताई, मग बंदूक आम्हालाच का देत नाहीत? मुलींच्या हातात पिस्तूल असतं तर कुणाची हिंमत झाली असती?" प्रश्न रागातून आला आहे आणि राग बरोबर आहे. तुझ्या आधीही हे लोकांना सुचलं होतं. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. वजन अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असं. किंमत तेव्हा जवळजवळ सव्वा लाख रुपये. आपल्या तालुक्यातली नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून हंगामाची उचल घेतात, तिच्याशी ही रक्कम ताडून पाहा. ज्या बाईच्या नावावर घर नाही, जमीन नाही, तिच्या पर्समध्ये सव्वा लाखाचं रिव्हॉल्व्हर कुठून येणार? आलं, तरी पहिल्या आठवड्यात ते नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या कमरेला जाईल.

आणि दुसरी गोष्ट. इथे बसलेल्या कितीतरी जणी दिवाळीनंतर चार-पाच महिने हातात कोयता धरतात. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. कोयत्याला धार असते, हाताला सवय असते. त्याच बाया रात्री खोपीत मार खातात. म्हणजे हातात हत्यार नाही म्हणून आपण मार खातो, हे खरं नाही. मारून जाणार कुठे, लेकरं कुणाच्या पदरात टाकणार, लोक कुणाच्या बाजूने उभे राहणार, या प्रश्नांची उत्तरं कोयता देत नाही. पिस्तूलही देणार नाही. परक्याने अंधारात गाठलं तर काय, याची भीती आपल्याला घातली जाते. पण आपल्या केंद्रात येणाऱ्या बाया परक्याची तक्रार क्वचितच घेऊन येतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या साधारण चार विवाहित बायांमागे एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. मारणारा घरात असताना बंदूक घरात आणणं म्हणजे ती कुणाच्या हाती देणं?

बाईच्या हाती बंदूक आली म्हणजे बाईला न्याय मिळाला, असंही नाही. जुलै २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यातली एक जुनी चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. जमिनीच्या वादात एक बाई हातात पिस्तूल घेऊन शेतकऱ्यांना दरडावत होती. तिथे बाई होती, पण तिच्या हातातली सत्ता तीच जुनी होती.

आता जगाकडे थोडं पाहू. अमेरिकेत १७९१ पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेत आहे. तिथली बंदुकीची बाजू किती जोरात बोलते ते तुम्ही बातम्यांत ऐकता. तरीही तिथे १९९६ मध्ये कायदा झाला की घरगुती हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला बंदूक ठेवता येणार नाही. आणि जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी निकाल दिला की, जोडीदाराच्या सुरक्षिततेला धोका आहे असं न्यायालयाने ठरवून ज्याच्यावर संरक्षण आदेश काढला आहे, त्याच्याकडे बंदूक ठेवायला मनाई करणं घटनेला धरून आहे.

कॅनडात ६ डिसेंबर १९८९ ला माँट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एका माणसाने मुलगे आणि मुली वेगळे काढून मुलींवर गोळ्या झाडल्या. १४ जणी गेल्या. स्त्रीवाद्यांवर त्याचा राग होता. आपण २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हा पंधरवडा पाळतो, त्यात तो दिवस येतो. त्या मुलींचे पालक आणि मैत्रिणी पुढे कित्येक वर्षं शस्त्र कायद्यासाठी झगडल्या. तिथे आज परवान्याच्या अर्जावर सोबत राहणाऱ्या आणि मागच्या दोन वर्षांत सोबत राहिलेल्या जोडीदाराची सही मागतात. सही नसेल तर अधिकारी त्या जोडीदाराला कळवतात. म्हणजे नवरा बंदूक घेतोय हे बायकोला निदान आधी कळतं, आणि नको म्हणायला तिला एक दार असतं.

आपल्याकडे परवान्यासाठी पोलिसांचा अहवाल लागतो. शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. शेजारपाजारी चौकशी होते, गुन्हे आहेत का ते पाहतात. घरातल्या बाईला बाजूला घेऊन कुणी विचारत नाही की बाई, या माणसाच्या हातात बंदूक द्यावी का? त्याचा राग सगळ्यात जास्त तिने पाहिलेला असतो. सगळ्यात खरा अहवाल तिच्याकडे असतो.

आता त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगते. जून २०२४ मध्ये रिव्हॉल्व्हर घरी आलं आणि जुलैत ती लेकरं घेऊन माहेरी निघून गेली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आम्ही अर्ज केला. परवान्याचा फेरविचार व्हावा म्हणून वेगळा अर्ज दिला. काही महिने उत्तर नाही. मग डिसेंबरनंतर जिल्ह्यात परवान्यांची फेरतपासणी सुरू झाली. ज्यांच्यावर गुन्हे दाखल आहेत अशांचे अनेक परवाने रद्द झाले. ते चांगलंच झालं. आम्हाला वाटलं, आता हिचंही होईल. तेव्हा समजलं की तिच्या नवऱ्यावर गुन्हाच दाखल नाही, त्यामुळे त्याचं नाव त्या यादीत येत नाही.

गुन्हा दाखल का नव्हता? कारण २०२३ मध्ये आम्ही समझोता केला होता. ४९८ अ, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेतलं कलम ८५, लावू नका असं आम्हीच तिला समजावलं होतं. संसार वाचतोय तर पोलीस कशाला? गोळी उडाली तेव्हा अदखलपात्र नोंद झाली. आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्ज हा फौजदारी गुन्हा धरला जात नाही; संरक्षण आदेश मोडला तरच गुन्हा होतो. सरकारच्या कागदावर तो माणूस स्वच्छ होता. तो कागद स्वच्छ ठेवायला माझाही हात लागला होता.

समझोते करूच नका असं मी म्हणत नाही. बाईला जेव्हा खरोखर परत जायचं असतं तेव्हा आपण अडवू नये. पण 'गुन्हा दाखल नाही' याचा अर्थ 'हिंसा नाही' असा होत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? बायांवरची बहुतेक हिंसा गुन्हा म्हणून दाखल होतच नाही. म्हणून गुन्ह्यांची यादी पाहून परवाने तपासले, तर बाहेर दहशत करणारा सापडेल, घरात दहशत करणारा सुटेल.

यावर आपण काय करायचं? नवा कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. आहे त्या कायद्यातही जागा आहे.

पहिलं, शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे परवानाधारक कोणत्याही कारणाने अपात्र आहे असं वाटलं, किंवा सार्वजनिक शांतता व सुरक्षिततेसाठी गरज असली, तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. 'कोणत्याही कारणाने' हे शब्द कायद्यातच आहेत. बायकोला धाक घालणं हे कारण नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही. बाईच्या संमतीने, तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था आधी करून, असे अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

दुसरं, कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज करताना शस्त्राचा उल्लेख स्पष्ट करा. गोळी झाडली नसली तरी शस्त्र दाखवून जीव धोक्यात आणणं, धाकात ठेवणं ही या कायद्याप्रमाणे हिंसाच आहे. कलम १८ खाली संरक्षण आदेशात न्यायालय इतर कृत्यांनाही मनाई करू शकतं. शस्त्र घरात न ठेवण्याचा, ते जमा करण्याचा आदेश तिथे मागा. संरक्षण अधिकाऱ्यांनाही कौटुंबिक घटना अहवालात ते लिहायला सांगा.

तिसरं, २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहू शकतात असं केलं. म्हणजे नूतनीकरण आता पाच वर्षांनी एकदाच होतं. तेवढ्या काळात घरात काय काय घडतं! आपली मागणी अशी असावी की नवा परवाना देताना आणि प्रत्येक नूतनीकरणाला घरातल्या प्रौढ बायांचं म्हणणं महिला पोलिसाने एकटीला भेटून घ्यावं आणि ते गोपनीय ठेवावं. नवऱ्यासमोर विचारलं तर उत्तर काय येणार, हे मी माझ्या तिसऱ्या बैठकीत शिकले.

चौथं, लग्नात, वरातीत, जत्रेत, वाढदिवसाला गोळीबार करणं हा त्याच २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा झाला आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्या भाच्याच्या लग्नात कुणी बंदूक काढली तर आपण मांडवातून उठून जायचं, एवढं तरी ठरवू या. दहा बाया एकदम उठल्या की मांडवाला कळतं.

पाचवं आपलं स्वतःचं काम. माहिती अधिकारात प्रत्येक तालुक्यातल्या परवान्यांची संख्या आणि ते देण्याची कारणं मागा. आणि आपापल्या केंद्रातला फॉर्म काढून बघा. आमच्या फॉर्मवर आता नवा रकाना आहे: 'घरात हत्यार आहे का? कोणतं? कुठे ठेवतात?' हा प्रश्न बाई एकटी असतानाच विचारायचा आणि उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा नियम केला आहे. समझोत्याच्या कागदाआधी तो रकाना पुन्हा एकदा वाचायचा.

हा रकाना सुरू केल्यावर काय झालं? ज्या बाया आमच्याकडे कित्येक महिन्यांपासून येत होत्या, त्यांच्यापैकी काहींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. कुणी पिस्तुलाचं सांगितलं, कुणी कत्तीचं, कुणी गादीखालच्या जांबियाचं. एक म्हणाली, "हे बी सांगायचं असतंय का?"

हो बाई, हेच आधी सांगायचं असतं. आणि आम्ही ते आधी विचारायचं असतं.

ती बाई आज माहेरी आहे. शिलाईकाम करते. केस चालू आहे, तारखा पडतात. नवऱ्याचा परवाना अजून रद्द झालेला नाही. पण तारखेला ती एकटी जात नाही, तिच्या गटातल्या चार जणी सोबत जातात. पुढच्या तारखेला गेवराईतून आणखी कुणी येणार असेल, तर आज जाण्याआधी माझ्याकडे नाव द्या.